ताडपत्रीखालची हेराल्ड

माळव्यात मोटारीचं वेड कुणी आणलं, असा प्रश्न कुणी विचारलाच तर उत्तर इंदूरकडे बोट दाखवून द्यावं लागेल. दुसरे यशवंतराव होळकर १९२६ साली गादीवर आले तेव्हा ते जेमतेम सतरा वर्षांचे होते. माणिकबाग राजवाडा त्यांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाकडून अगदी नव्या वळणाचा बांधून घेतला, आणि मोटारीही तशाच निवडल्या. त्यातली १९३६ सालची ड्युसेनबर्ग तर जगभरच्या शौकिनांना ठाऊक आहे. अमेरिकन कारखान्याची चासी, सुपरचार्जर बसवलेलं आठ सिलिंडरचं इंजिन आणि त्यावर लंडनच्या गर्नी नटिंगने चढवलेली उघडी, दोन माणसांची बॉडी. रंग केशरी आणि काळा. यशवंतराव १९६१ साली वारले. माणिकबागेत पुढे केंद्र सरकारच्या उत्पादन शुल्क खात्याचं कार्यालय आलं आणि ती ड्युसेनबर्ग अमेरिकेतल्या संग्राहकांकडे गेली.

राजेरजवाड्यांच्या गाड्यांची चिंता करायला जग समर्थ आहे. मला आज लिहायचं आहे ते त्यांच्या मागोमाग मध्यमवर्गीय मराठी घरांत आलेल्या गाड्यांविषयी. शिंदे-होळकरांबरोबर माळव्यात गेलेली कारकुनी, वकिली, वैद्यकी करणारी घरं आजही उज्जैन, इंदूर, देवास इथे आहेत, आणि आपल्या सीमाभागातल्या कितीतरी घरांची सोयरीक तिकडे आहे. माझं आजोळ उज्जैनचं. तिथे नानाखेड्याला, बसस्टँडपासून चालत दहा मिनिटांवर, मामांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक स्टँडर्ड हेराल्ड १९९६ सालापासून ताडपत्रीखाली उभी होती. १९६७ सालची, दोन दरवाजांची. मामांनी ती ऐन तारुण्यात घेतली होती. २०२५च्या मे महिन्यात शेड पाडून तिथे खोली काढायचं ठरलं, आणि पुण्याच्या मामेभावाने फोनवर सुचवलं की भंगारवाल्याला बोलवा. मामा ब्याऐंशी वर्षांचे. ते काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मिस्त्रीला निरोप गेला.

आता हेराल्डला स्पोर्ट्‌स कार म्हणावं का, यावर जाणकार भांडतील. खुशाल भांडोत. इंग्लंडमध्ये ट्रायम्फ हेराल्ड १९५९ साली आली, तिची आखणी जोव्हान्नी मिकेलोट्टी या इटालियन कलावंताची. तीन वर्षांनी, १९६२ साली, हेराल्डचीच चासी आखूड करून तिच्यावर त्याच मिकेलोट्टीने आखलेली स्पिटफायर ही दोन माणसांची स्पोर्ट्‌स कार उभी राहिली. म्हणजे स्पिटफायर ही हेराल्डची लेक. आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्‌स कंपनीने हेराल्ड १९६१पासून बनवली. अँबॅसिडर आणि फियाटच्या त्या काळात चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असलेली, पंचवीस फुटांच्या वर्तुळात वळणारी आणि मडगार्डांसकट सगळं नाक पुढे कलंडवून उघडणारी दुसरी गाडी सामान्य माणसाला मिळत नव्हती. इंजिन अवघं ९४८ सीसीचं, ताकद पस्तीस अश्वशक्तीच्या आसपास. पण बसायला खाली, चालवायला हलकी. खरीखुरी परदेशी स्पोर्ट्‌स कार त्या आयातबंदीच्या दिवसांत वकिलातीतल्या साहेबांकडे नाहीतर संस्थानिकांकडे. देशी म्हणावी अशी स्पोर्ट्‌स कार दिसायला नव्वदचं दशक संपत यावं लागलं, जेव्हा सॅन मोटर्सची फायबरच्या बॉडीची, रेनोच्या इंजिनाची स्टॉर्म गोव्यात तयार होऊ लागली. तोवर हेराल्डवरच भागवायचं होतं.

ताडपत्री काढली तेव्हा पाहणाऱ्या प्रत्येकाने एकच सल्ला दिला. नवी बॅटरी लावा, दोन लिटर पेट्रोल टाका आणि सेल्फ मारून बघा. शेजारचा एक उत्साही मुलगा तर स्वतःच्या गाडीची बॅटरी उचलून घेऊन आला. मिस्त्रींनी त्याला हातानेच थांबवलं. सत्तरी गाठलेला माणूस, बोलणं मोजकं. “एवढी वर्षं झोपलेल्याला लाथ मारून उठवायचं का?” एवढंच ते म्हणाले.

या थांबण्यात काय शहाणपण आहे ते नीट सांगायला हवं, कारण बहुतेक जुन्या गाड्या मरतात त्या शेडमध्ये नव्हे, शेडमधून बाहेर काढण्याच्या पहिल्या तासाभरात. इंजिन उभं असताना सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल हळूहळू खाली उतरतं. कोरड्या बिडावर हवेतल्या ओलाव्याने बारीक गंज धरतो आणि पिस्टनच्या रिंगा त्या गंजात चिकटतात. एखादा व्हॉल्व्ह उघड्या अवस्थेत अडकलेला असतो. बेअरिंगांत तेलाचा टिपूस नसतो. अशा वेळी सेल्फ मारला की मोटर काही विचारत नाही, ती फिरवते. रिंग तुटते, नाहीतर अडकलेल्या व्हॉल्व्हखालचा पुशरॉड वाकतो, नाहीतर सिलिंडरला उभा चरा पडतो. त्यातून गाडी सुरू झालीच तर सगळे टाळ्या वाजवतात, आणि महिन्याभरात धूर ओकू लागली की म्हणतात, जुनं इंजिन, दुसरं काय होणार!

मिस्त्रींनी पहिल्या दिवशी फक्त चार प्लग काढले. प्रत्येक भोकातून इंजिन ऑइल आणि डिझेल यांचं मिश्रण चमचा-चमचा आत सोडलं, भोकांवर कापडाचे बोळे लावले आणि घरी गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा थोडं सोडलं. पाचव्या दिवशी पुढच्या पुलीच्या नटला लांब पाना लावून अगदी हलका दाब दिला. हलेना. जोर लावला नाही. पुन्हा मिश्रण, पुन्हा दोन दिवस. आठव्या दिवशी पाना बोटभर सरकला. त्यांनी तो तितकाच मागे आणला, पुन्हा पुढे, पुन्हा मागे, आणि संध्याकाळपर्यंत इंजिनाने एक पूर्ण फेरा घेतला. मामा खुर्ची टाकून समोर बसले होते. ते उठून आत गेले आणि मामींना म्हणाले, “अगं, चहा टाक, फिरलं.”

मधल्या दिवसांत बाकीची कामं चालू होती. ताडपत्रीविषयी इथेच सांगतो. गाडी झाकून ठेवली म्हणजे सुरक्षित राहिली असं आपण समजतो, पण प्लास्टिकची ताडपत्री पावसाला जशी अडवते तशीच आतली वाफही अडवते. त्यात माळव्याची काळी माती. ती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि पुढे कित्येक महिने सोडत राहते. उघड्या मातीवर उभ्या केलेल्या गाडीचा तळ म्हणून खालून सडतो, वरचा रंग शाबूत असतानाही. मामांच्या गाडीचं नशीब की शेडमध्ये शहाबादी फरशी होती. पायाखालचे पत्रे दोन ठिकाणी गेले, चासीच्या आडव्या फांद्यांपैकी एक कापून नवी घालावी लागली, पण मुख्य चासी ठणठणीत निघाली. हेराल्डची बॉडी चासीवर आणि एकमेकांना बोल्टांनी जोडलेल्या भागांची असते, त्यामुळे खराब भाग सुटा करून दुरुस्त करता येतो. ज्यांच्याकडे जुनी गाडी उभी आहे त्यांनी एवढं तरी करावं: गाडी फरशीवर घ्या, खाली ठोकळे लावून टायरवरचा भार काढा, आणि वर प्लास्टिकऐवजी सुती कापड टाका.

उंदरांचा मुद्दा मी विसरणार होतो. मागच्या सीटमध्ये दोन बिऱ्हाडं, एअर फिल्टरमध्ये एक. वायरिंगवरचं कापडी वेष्टन त्यांनी डॅशबोर्डाखाली साफ खाल्लं होतं. मिस्त्रींनी ती सगळी माळ उपसून काढली आणि जुन्या रंगांच्याच वायरी शोधून नवी ओवली. ही गाडी ओळखणाऱ्याला आणखी एक गोष्ट ठाऊक असते. त्या काळच्या ब्रिटिश वळणाच्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे, म्हणजे आजच्या गाड्यांच्या अगदी उलट. बघितल्याशिवाय बॅटरी जोडली की नुकसान ठरलेलं. बॅटरी घेऊन आलेल्या त्या मुलाला हे सांगितलं तेव्हा त्याचे डोळे मोठे झाले.

पेट्रोलची टाकी डिकीतून सुटी केली तेव्हा आतून पेट्रोलचा नव्हे, जुन्या वॉर्निशचा वास आला. पेट्रोल वर्षभरातच बिघडायला लागतं आणि सुकत गेलं की डिंकासारखा थर मागे राहतो. तो थर कार्बुरेटरच्या केसाएवढ्या भोकांत बसला की गाडी आचके देते आणि माणूस भलत्याच ठिकाणी दोष शोधत राहतो. शिवाय १९९६ साली आपल्याकडे बहुतेक ठिकाणी शिशाचं पेट्रोल मिळत होतं, ते देशभरातून हद्दपार झालं १ फेब्रुवारी २०००ला. तेव्हा असल्या टाकीत उघडा हात घालू नये. टाकी धुऊन, आत खडी घालून हलवून, पुन्हा धुऊन घेतली. पंपाचा पडदा नवा घातला.

इथे आजच्या पेट्रोलचा प्रश्न येतो आणि तो गंभीर आहे. २०२५ सालापर्यंत देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं. धोरण म्हणून ते बरं की वाईट, ऊस उत्पादकाला त्याचा किती लाभ, हा या लेखाचा विषय नाही. पण इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, आणि साठच्या दशकातलं रबर व बुचाचे गॅस्केट त्याच्यासाठी बनवलेले नव्हते. रबर फुगतं, मग भेगाळतं, आणि इंजिनाच्या गरम भागावर पेट्रोल ठिबकतं. म्हणून पंपापासून कार्बुरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी इथेनॉलला टिकणारी घालावी. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल शिळं होऊ देऊ नये. मिस्त्री तर गाडी ठेवायची असेल तेव्हा कार्बुरेटरही कोरडा करतात.

इंजिन सुरू होण्याचा दिवस जूनअखेरचा होता. नवं तेल भरलं होतं, रेडिएटर आणि इंजिनाच्या पोटातला गाळ उलट पाणी सोडून काढला होता (बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं घातल्याचा तो प्रसाद). पॉइंट घासून त्यांची फट हजारांतल्या पंधरा इंचांची, म्हणजे पोस्टकार्डाहून थोडी जास्त, लावली होती. कंडेन्सर नवा. तरीही त्यांनी प्लग बाहेरच ठेवले आणि नुसतं सेल्फने इंजिन फिरवत राहिले, थांबून थांबून, डॅशबोर्डावरचा तेलाचा दिवा विझेपर्यंत. दिवा विझला याचा अर्थ तेल वरपर्यंत पोचलं. त्यानंतर प्लग, एक-तीन-चार-दोन या क्रमाने वायरी, आणि मग चावी.

तिसऱ्या प्रयत्नाला ते धडधडलं. आधी दोन सिलिंडरवर, मग तीन. आठ दिवस पोटात सोडलेल्या डिझेल-तेलाचा पांढरा धूर सगळ्या बोळात पसरला. चौथा सिलिंडर आला तेव्हा आवाज एकदम गोल झाला. मिस्त्रींनी डिस्ट्रिब्यूटर दोन बोटांत धरून रेसभर इकडे, रेसभर तिकडे फिरवला, मान कलती करून ऐकलं आणि बोल्ट आवळला. कुठलंही यंत्र लावलं नाही. मामेभाऊ पुण्याहून व्हिडिओवर बघत होता. तो म्हणाला, “बाबा, आता एक चक्कर मारून या की!” मामांनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी मान हलवली. नाही.

आणि खरं काम त्यानंतर सुरू झालं, हे मला या लेखात सर्वांत आवर्जून सांगायचं आहे. इंजिन सुरू झालं की आपल्याला वाटतं गाडी तयार. पण सुरू न होणारी गाडी कुणाचा जीव घेत नाही. न थांबणारी घेते. हेराल्डला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि सगळ्यांना मिळून तेलाचा एकच मार्ग. एक रबरी नळी फुटली की चारही ब्रेक एकदम जातात, मग उरतो फक्त हँडब्रेक. ब्रेक ऑइलही ओलावा शोषतं आणि आतून सिलिंडर गंजवतं. नळ्या बाहेरून धडधाकट दिसतात, आतून सुजून बंद झालेल्या असतात, मग ब्रेक दाबला तर लागतो पण सुटत नाही. मिस्त्रींनी मास्टर सिलिंडर, चाकांचे सगळे सिलिंडर, क्लचचे दोन्ही सिलिंडर खोलले, तीन नळ्या बदलल्या, स्टीलचे पाइप नवे वाकवले. टायरांची नक्षी सत्तर टक्के शिल्लक होती. तरी चारही टायर फेकले, कारण कडेला बारीक भेगांची जाळी होती. टायर झिजून म्हातारा होतो तसा नुसता वयानेही होतो.

या कुळातल्या गाड्यांची आणखी एक खोड आहे, जी पुस्तक न वाचलेल्या पण दहा हेराल्ड उघडलेल्या माणसालाच माहीत असते. पुढच्या चाकाचा उभा दांडा खाली एका पितळी तुकड्यात आट्यांवर फिरतो. इंग्रजीत त्याला ट्रनियन म्हणतात. त्याला ग्रीस नव्हे, गिअरचं जाड तेल द्यायचं असतं. ग्रीस घट्ट बसतं, आत ओलावा राहतो, दांडा गंजतो आणि एखाद्या दिवशी वळणावर मोडून चाक आडवं होतं. आमच्या गाडीच्या उजव्या दांड्यावर तसा गंज निघाला. दांडा मिळवायला पाच आठवडे गेले. तेवढा वेळ सुरू झालेली गाडी ठोकळ्यांवर उभी होती, आणि मामा रोज संध्याकाळी दहा मिनिटं इंजिन चालवून बंद करत होते.

याच पाच आठवड्यांत एका ओळखीच्या गॅरेजवाल्याने सुचवलं की हे सगळं कशाला, मारुतीचं इंजिन-गिअरबॉक्स बसवून टाका, सुटे भाग कोपऱ्यावर मिळतील. सल्ला वाईट हेतूने दिलेला नव्हता आणि अनेकांनी तसं केलेलंही आहे. पण मला तो पटला नाही, त्याचं एक कारण भावनेचं आणि दुसरं कायद्याचं. केंद्राने जुलै २०२१मध्ये विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली, म्हणजे चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न केलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, पुढच्या नूतनीकरणाला ५ हजार. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर राखता येतो. बदल्यात अट अशी की गाडी रोजच्या वापराला आणि धंद्याला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, तसंच पेट्रोल आणि देखभालीसाठीच रस्त्यावर आणायची. इंजिन बदललं की हा दरवाजा बंद. मामांच्या ट्रंकेत मूळ आरसी बुक आणि खरेदीची पावती निघाली म्हणून अर्ज करता आला. ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनी नटबोल्टाच्या आधी कागद शोधावेत.

भावनेचं कारण मिस्त्रींशी जोडलेलं आहे. कानाने टायमिंग लावणारा, बोटाच्या टोकाने पॉइंटची फट ओळखणारा हा माणूस आता नवीन काम घेत नाही. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. दोन्ही मुलगे शोरूममध्ये नोकरीला आहेत, तिथे लॅपटॉप जोडून दोष वाचतात, आणि त्यात कमी काही नाही, आजच्या गाड्या तशाच दुरुस्त होतात. पण तीस वर्षं झोपलेल्या इंजिनाला लॅपटॉप जोडायला जागाच नसते. आम्ही इतिहासाचे शिक्षक मोडी कागद वाचणारे कमी झाले म्हणून हळहळतो. कार्बुरेटर वाचणारे त्याहून झपाट्याने कमी होताहेत, आणि त्यांचं कुठलं दफ्तरही मागे राहणार नाही. मी दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याजवळ बसून जमेल तेवढं वहीत उतरवून घेतलं. कुठला बोल्ट उलट्या आट्यांचा, कुठल्या नळीला कशाचा पर्याय चालतो, असलं. बॅटरीवाला तो शेजारचा मुलगा, पॉलिटेक्निकला आहे, तो आता मिस्त्रींचे पाने उचलून देतो. मिस्त्री त्याला शिकवतात असं म्हणता येणार नाही. ते फक्त त्याला हाकलत नाहीत.

नोव्हेंबरात, अर्जाची कामं मार्गी लागल्यावर, मिस्त्री एका रविवारी पहाटे सहाला आले. बोळातच आधी दहा वेळा ब्रेक मारून पाहिला. मग मामा चाकामागे, मिस्त्री शेजारी, आणि मी माझ्या स्कूटरवर मागे. इंदूर रस्त्याला लागून त्रिवेणीच्या शनिमंदिरापर्यंत, चाळीसच्या वर नाही. पूर्ण ताबडण्यासारखी ही गाडी नव्हेच. मागची चाकं अशी बसवलेली आहेत की भर वळणावर घाबरून पाय काढला तर ती आत मुडपतात. मामांना ते साठ वर्षांपासून माहीत आहे. वळणाआधीच ते वेग उतरवत होते, आणि वळणात पाय हलवत नव्हते. त्रिवेणीला थांबून मिस्त्रींनी चारही ड्रमना हात लावून उष्णता पाहिली. मागचा डावा जरा जास्त तापला होता. घरी येऊन तो पुन्हा खोलला.

खोलीचं बांधकाम आता पुढच्या अंगाला सरकवलंय, शेड राहिली आहे. सीटवरचं रेक्झिन इंदूरला शिवायला दिलंय. उजव्या दरवाजाची बिजागरी झिजल्याने तो उचलून लावावा लागतो. नवी कुठे मिळेना, म्हणून जुनी नमुन्याला देऊन खरादवाल्याकडे दोन करायला टाकल्या आहेत.